स्वेच्छेच्या कामाला गैरहजर

कंपनीच्या स्मरणिकेत कर्मचाऱ्यांच्या समाजसेवेचा इतिहास लातुरात सुरू होतो. लातूर उस्मानाबादपासून वेगळं होऊन नवा जिल्हा झाला, त्याच सुमारास कंपनीने तिथे दुसरा कारखाना उभारला आणि व्यवस्थापनाच्या प्रेरणेने कामगार रविवारी श्रमदानाला जाऊ लागले, असं त्यात छापलं आहे. सोबत फोटो आहे. नव्या टोप्या घातलेली माणसं कोरी फावडी घेऊन ओळीत उभी आहेत. एकाच्याही पायाला चिखल नाही.

हा इतिहास खोटा आहे. मी त्या कंपनीच्या नांदेडच्या कारखान्यात गृहपत्रिकेचं काम पाहत होतो. त्याआधी नांदेडच्याच एका दैनिकात बातमीदार होतो. स्मरणिकेतलं ते प्रकरण लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं होतं. लिहून दिलेला मजकूर मुंबईच्या मुख्य कार्यालयातून परत आला. सुरुवातीचा भाग वगळा, असा निरोप होता. मी वगळला नाही, तेव्हा त्यांनी प्रकरण दुसऱ्याकडून लिहून घेतलं. त्यांना नको असलेला भाग इथे देतो.

सुरुवात बहात्तरच्या दुष्काळात झाली, उमरीजवळच्या एका गावात.

कारखाना तेलाचा होता. सरकी, करडई, भुईमूग. शेतात काही पिकलंच नव्हतं, त्यामुळे बाजारात आवक नव्हती आणि कारखान्याची एकच पाळी कशीबशी चालत होती. ज्यांना काम होतं त्यांचंही मन गावाकडे लागलेलं असायचं. तेल पिळून काढणारे एक्स्पेलर आणि पंप सांभाळणारा एक फिटर होता. त्याला सगळे मिस्त्री म्हणत. त्याच्या गावातल्या, तो जन्मला त्या बौद्धवाड्याची स्वतःची जुनी विहीर होती. गावची विहीर वाड्यासाठी नव्हती. धर्म बदलला तरी तेवढं बदललं नव्हतं. वाड्याच्या विहिरीत गाळ भरला होता. गाळाखाली पाणी असणार हे सगळ्यांना माहीत होतं, पण तो काढायला हात नव्हते. बायाबाप्ये सगळे सरकारी कामावर खडी फोडायला जात. खडी फोडली नाही तर खायचं काय, आणि खडी फोडत बसलं तर प्यायचं काय, असा तो पेच होता.

मिस्त्रीने कारखान्याच्या व्यवस्थापकाकडे सुट्टीच्या दिवसापुरता दोर आणि घमेली मागितली. मी त्या वेळी आवकेची बातमी घ्यायला त्याच खोलीत बसलो होतो. व्यवस्थापक म्हणाले, "दोर कंपनीचा, घमेली कंपनीची. उद्या कुणी घसरून मेला तर प्रेतही कंपनीचंच का? जायचं तर जा. कंपनीचं नाव कुठे घेऊ नका."

व्यवस्थापनाची प्रेरणा म्हणतात ती एवढीच. मी ती माझ्या कानांनी ऐकली आहे.

दोर हमालांच्या मुकादमाने दिला. तो देगलूर नाक्याकडच्या मोहल्ल्यात राहायचा. दोर खांद्यावर टाकून तो स्वतःच गेटवर आला. "रस्सी ले जाव मिस्त्री," तो म्हणाला, "पन सलामत वापस लाना. रस्सी बी और आदमी बी." मग थोडं थांबून म्हणाला, "चलो, मैं बी आता हूँ."

असं करत माणसं जमली. बॉयलरवरचे, पॅकिंगमधले, आणि निवडणीतल्या बायकाही. भुईमुगातले खडे आणि फोल निवडणाऱ्या या बायकांची पुढारी एक विधवा बाई होती. शेतकरी घरातली, उंच, आवाजाने चढी. तिला लहानथोर सगळे आक्का म्हणत. तुम्ही कशाला येता, असं कुणीतरी तिला विचारलं.

"गाळ तुम्ही काढताल," आक्का म्हणाली. "वाहून कोन नेईल, तुमचा व्यवस्थापक?"

मीही गेलो, बातमीसाठी. वही घेऊन विहिरीच्या काठावर उभा राहिलो. थोड्या वेळाने आक्का समोर आली. "अहो पेपरवाले, खाली मानसं चिखल उपसून राहिलीत आन् तुम्ही वर काय लिहून राहिलेत? धरा हे." तिने भरलेलं घमेलं माझ्या हातात दिलं. बातमी त्या दिवशी झाली नाही.

मिस्त्री आधी उतरला. दोर कमरेला बांधून, पाय दगडांच्या खाचांत रोवत तो तळाशी गेला आणि पहारीने गाळ उकरू लागला. मग बाकीचे उतरले. दुपारपर्यंत एकाच दोराच्या भरवशावर ती माणसं वरखाली करत होती. एकाचा हात सुटला तर दुसऱ्याचा जीव जाईल, असं ते काम होतं.

जेवायची वेळ झाली आणि तीच माणसं वेगवेगळी बसली. वाड्यातले एका बाभळीखाली, गावाकडचे दुसऱ्या बाभळीखाली, मुकादम आणि त्याच्यासोबत आलेला त्याचा भाऊ विहिरीच्या थारोळ्याशी, मोटेचं पाणी पडायचं तिथे. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. प्रत्येकाने आपापलं फडकं सोडलं. कुणाच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. ते रोजचंच होतं.

आक्काने हे पाहिलं. गाळ वाहायचं एक घमेलं घेतलं, वाड्यातून राख मागून घेतली, घमेलं घासघासून लख्ख केलं. मग प्रत्येकासमोर जाऊन उभी राहिली. "टाका यात."

"काय टाकू, आक्का?"

"भाकरी. अजून काय टाकतोस, गाळ?"

सगळ्यांच्या भाकऱ्या तिने त्या घमेल्यात कुस्करल्या. आमच्याकडे शिळ्या भाकरीचे कुटके करतात, तसे. वर कांदा, तिखट, मीठ, आणि करडईचं तेल. एका बाईने जवसाची चटणी टाकली. आक्काने दोन्ही हातांनी सगळं कालवलं आणि घमेलं मधोमध ठेवलं.

"आता सांगा," ती म्हणाली, "कोनची भाकर कोनाची ती. ज्याला त्याची वळखू येती त्यानं आपली उचलून घ्यावी."

बॉयलरवरचा एक जण म्हणाला, "आक्का, घरी कळलं तर..."

"घरी कोन सांगनार हाय? तूच का? मग तुझं तोंड घमेल्यात घाल, म्हंजी ते बोलायला मोकळं ऱ्हानार न्हाई."

हशा झाला. मुकादमाने पहिला घास घेतला. मग मिस्त्रीने. मग एकेक. मीही खाल्लं. तिखट फार होतं.

त्या दिवसापासून तो नियम झाला. विहिरीवर यायला कुणाला बंदी नव्हती, जात विचारली जात नव्हती, वर्गणी नव्हती. घमेल्यातलं खायचं, एवढीच अट. काही जण पुन्हा आले नाहीत. एक जण मधल्या खेपा चुकवून परत आला. त्याच्यासमोरही घमेलं तसंच सरकवलं. दर उन्हाळ्यात रविवारी ही माणसं कुठल्या तरी विहिरीचा गाळ काढायला जात राहिली. वाड्यांच्या विहिरी होत्या, तांड्यांच्या होत्या, गावांच्याही होत्या. गावाने बोलावलं तर मिस्त्री आधीच सांगायचा की आमचं जेवण असं असतं. ज्या गावाला चालत नसे तिथे ही माणसं जात नसत. या उपक्रमाला नाव नव्हतं, फलक नव्हता आणि कंपनीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. कारखान्यात त्याला नुसतं 'गाळ' म्हणत. "रविवारी गाळाला येतोस का?" एवढंच विचारायचं.

काही वर्षांनी मी दैनिक सोडून कंपनीत आलो. मग लातूर जिल्हा झाला.

नव्या जिल्ह्याची लातुरात घाई चालली होती. कार्यालयांना इमारती नव्हत्या, भाड्याच्या खोल्यांवर पाट्या लागत होत्या आणि रंग वाळायच्या आत साहेब बसत होते. आमचा कारखाना शहराबाहेर उभा राहत होता. यंत्रं बसवायला नांदेडहून निवडक माणसं गेली, त्यात मिस्त्री, मुकादम आणि बॉयलरवरचे काही जण होते. आक्कालाही निवडणी विभाग लावून द्यायला तिकडे पाठवलं. लिहिण्याच्या कामासाठी माझी ये-जा होती.

मिस्त्रीला लातुरात फोरमन करायचं ठरलं होतं. तोंडी सगळ्यांनी सांगून झालं होतं, हुकूम तेवढा निघायचा होता. नांदेडला त्याच्या हाताखाली शिकलेले दोघे त्याच्या पुढे गेले होते. का गेले, हे कारखान्यात सगळ्यांना कळत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. फोरमन झाल्यावर कंपनीचं क्वार्टर मिळणार होतं, आणि क्वार्टर मिळालं तर त्याची मुलगी लातूरच्या कॉलेजात सायन्सला जाणार होती. मुलीने फॉर्म भरलाही होता. मिस्त्री एरवी मोजकं बोलायचा, पण क्वार्टरच्या खिडक्या कुठल्या दिशेला आहेत हे त्याने मला तेव्हा सांगितलं होतं.

हुकमावर सही करायची होती कार्मिक अधिकाऱ्यांनी. मुंबईहून नवे आले होते. तरुण, हुशार, मनाने वाईट नव्हेत. 'गाळा'बद्दल त्यांनी कुठूनतरी ऐकलं आणि त्यांना ते मनापासून आवडलं. तिथेच बिघडलं. त्यांनी त्याचा 'सेवादिन' केला. टोप्या शिवून घेतल्या, कंपनीच्या नावाचा फलक रंगवला, ट्रक दिला. निलंग्याच्या बाजूचं एक गाव निवडलं. संध्याकाळी नव्या जिल्ह्यातले मोठे पाहुणे विहीर बघायला येणार होते. सूचनाफलकावर कागद लागला: हे कार्य स्वेच्छेचे असून उपस्थिती अनिवार्य आहे.

आक्काला अक्षरओळख नव्हती. तिने तो माझ्याकडून वाचून घेतला. मग म्हणाली, "पुन्हा वाचा." मी पुन्हा वाचला.

"म्हंजी जेव न्हाईतर मारतो," ती म्हणाली आणि निघून गेली.

तरी सगळे गेले. विहीर खरी होती, गाळ खरा होता, आणि त्या गावात बाया फार लांबून पाणी आणत होत्या. फलक कुणाचा आहे यावरून पाणी अडवायचं नाही, असं मिस्त्रीचं मत पडलं. ट्रकमधून उतरल्यावर त्याने टोपी घडी करून खिशात ठेवली आणि कमरेला दोर बांधायला घेतला.

बॉयलरवरचे काही जण आधीच उतरले होते. सरपंच आणि अधिकारी थोडे बाजूला जाऊन बोलले. मग अधिकारी मिस्त्रीजवळ आले. मी शेजारीच उभा होतो.

"मिस्त्री, तुम्ही आज वरच थांबा. ट्रककडे, सामानाकडे बघा."

"सामानाला काय झालं साहेब? फावडी-घमेली तर हायेत, कोन नेतंय?"

"तसं नव्हे. आता तुम्ही फोरमन होणार. फोरमनने चिखलात उतरायचं नसतं."

मिस्त्रीने दोराची गाठ तशीच हातात धरली. "फोरमन म्हनून थांबू साहेब, का गाव म्हनलं म्हनून?"

अधिकाऱ्यांनी सरपंचांकडे पाहिलं. सरपंच पुढे आले. धोतर स्वच्छ, बोलणं मऊ. "आमचं काही न्हाई हो. आमी सगळं मानतो. पन गावात म्हातारी मानसं हायेत, पिन्याच्या पान्याची हीर हाय. एवढा एक दिवस. तुमचं मानूस वर बसलं तर काय बिघडतंय? चहा-पानी करू त्यांचं, ट्रकमंदी."

"आन् दुसरे?" आक्काने मागून विचारलं. "आमच्यात अजून चौघं हायेत वाड्यातले. त्येंनाबी ट्रकमंदी चहा का? आन् मुकादम? त्येला चहा कुठं देताल?"

"बाई, तुमी मधी बोलू नका. आमी साहेबांशी बोलून राहिलो."

"साहेब गाळ काढनार हाय का? मग माज्याशी बोला."

अधिकाऱ्यांनी मिस्त्रीला हलक्या आवाजात सांगितलं की पाहुणे येणार आहेत, आज वाद नको, सोमवारी तुमचा हुकूम निघतोच आहे. हे त्यांनी धमकी म्हणून म्हटलं नसावं. पण ते त्यांनी म्हटलं, त्याच वेळी म्हटलं, आणि मिस्त्रीला त्याचा अर्थ कळला.

त्याने गाठ सोडली. दोर नीट गुंडाळून ठेवला. मग विहिरीत वाकून हाक दिली, "या रे वर."

खालून कुणीतरी ओरडलं, "का? आताशी तर चिखल लागलाय!"

"या म्हनलं ना. हितं आपल्याला अर्धंच बोलावलंय."

तेवढ्यावर सगळे वर आले. अधिकारी म्हणत राहिले की थांबा, आपण यातून मार्ग काढू, निदान जेवून घ्या. जेवण म्हणजे पुरीभाजीची पाकिटं होती, प्रत्येकाला एक, कागदात बांधलेलं, वर एक जिलबी. चांगल्या हेतूने आणलेली. आक्काने घमेलं काढलं. सगळ्यांची पाकिटं फोडून तिने पुऱ्या त्यात कुस्करल्या, बटाट्याची भाजी ओतली आणि जिलब्याही मोडून टाकल्या. फार वाईट लागत होतं. विहिरीच्या काठावर, गावासमोर, सगळ्यांनी ते खाल्लं. आक्काने घमेलं उचलून सरपंचांपुढे नेलं. "घ्या. जिलबी हाय."

सरपंच मागे सरले. गावातल्या एक-दोन तरण्या पोरी तोंडाला पदर लावून हसल्या.

मग माणसं ट्रककडे न जाता पायी निघाली. पाहुणे आले तेव्हा काठावर फलक होता आणि अधिकारी होते.

त्या आठवड्यात प्रत्येकाला कारणे दाखवा नोटीस आली. आरोप होता, कंपनीच्या स्वेच्छा सेवाकार्यातून विनापरवानगी गैरहजर राहिल्याचा. मी पत्रकारितेत आणि कंपनीत बरेच कागद वाचले. असा दुसरा वाचला नाही.

चौकशी लातूरच्या कारखान्यातल्या एका खोलीत झाली. मला टिपणं घ्यायला बसवलं होतं. नोटीस आलेले सगळे भिंतीला लागून उभे होते. अधिकाऱ्यांनी खुलासा मागितला. आक्का म्हणाली, "साहेब, एक सांगा. ते काम सक्तीचं होतं का राजीखुशीचं?"

"अर्थातच स्वेच्छेचं."

"मंग आमची खुशी नव्हती. झालं."

"पण उपस्थिती अनिवार्य होती, बाई."

"मंग सक्तीचं होतं. आइतवारचा ओव्हरटाइम द्या, आन् मंग इचारा कुठं गेलतो म्हनून. दोन्हीतलं एक काहीतरी ठरवा. तंवर आमी बसतो." आणि ती खाली बसली. बाकीचेही बसले.

अधिकाऱ्यांना कायदा कळत होता. त्यांनी टेबलावरचे कागद नीट केले आणि म्हणाले की नोटिसा मागे घेता येतील. फक्त मिस्त्रींनी, प्रमुख म्हणून, गैरसमजातून प्रकार घडला असं लिहून माफी मागावी. टंकलेला मजकूर तयार होता. त्याच्याखाली दुसरा कागद होता, फोरमनच्या नेमणुकीचा. तो दिसेल अशा रीतीने ठेवला होता.

मिस्त्रीने दोन्ही कागद पाहिले. घाई केली नाही. भिंतीकडून मुकादम हळूच म्हणाला, "मिस्त्री, सही करो. हम कुछ नहीं बोलते. बेटी का सोचो." तो मनापासून बोलत होता.

"साहेब," मिस्त्री म्हणाला, "माफी कशाची लिवू? हिरीत उतरत होतो त्याची, का वर आलो त्याची?"

"तो तपशील लिहायची गरज नाही."

"मला हाय. उतरत होतो त्याची मागितली, तर सरपंच खरा ठरतो. वर आलो त्याची मागितली, तर हे सगळे खोटे ठरतात. तिसरी काही असली तर सांगा." त्याने माफीचा कागद टेबलाच्या त्या बाजूला सरकवला. नेमणुकीच्या कागदाला त्याने हात लावला नाही.

नोटिसा मागे घेतल्या गेल्या. ओव्हरटाइमचा प्रश्न मुंबईपर्यंत जाणं कुणालाच परवडणारं नव्हतं. फोरमन बाहेरून आला. मिस्त्रीला नांदेडला परत पाठवलं आणि तो फिटर म्हणूनच निवृत्त झाला. त्या नकाराची किंमत काय पडली हे मी सांगतो, कारण अशा गोष्टी सांगताना किंमत वगळायची पद्धत आहे. क्वार्टर गेलं. त्याची पत्नी बरेच दिवस त्याच्याशी बोलली नाही. मुलीचं कॉलेज सुटायची वेळ आली, तेव्हा आक्काने तिला आपल्या लातुरातल्या भाड्याच्या खोलीत ठेवून घेतलं. घरमालकाने विचारलं, पोरगी कुणाची? आक्का म्हणाली, माझी. त्याने आडनाव विचारलं. आक्का म्हणाली, भाडं वेळेवर पायजे का आडनाव? भाडं वेळेवर गेलं.

कंपनीचा सेवादिन पुढे दरवर्षी होत राहिला. टोप्या, पाकिटं, फोटो. स्मरणिकेत आहे तो तोच. त्यातूनही काही झाडं लागली असतील, काही शाळांना रंग मिळाला असेल. मी नाकारत नाही. पण ती सुरुवात नव्हती. सुरुवात ज्यांनी केली त्यांना कंपनीने आधी आमचं नाव घेऊ नका म्हणून सांगितलं आणि नंतर तीच आपलं नाव लावायला निघाली. दोन्ही वेळा त्या माणसांनी आपलंच खरं केलं.

चौकशीनंतरच्या पहिल्या सुट्टीच्या दिवशी, मिस्त्री अजून लातुरातच असताना, सेवादिनाच्या त्याच गावच्या बौद्धवाड्यातला एक म्हातारा लातूरला आला होता. वाड्याचा एक आड आहे, बुजलेला, तो बघता का, असं विचारायला. ट्रक अर्थातच नव्हता. आम्ही निलंग्याच्या एसटीत चढलो, मिस्त्री, आक्का, मुकादम, बॉयलरवरचे, आणि वहीशिवाय मी. पहारी, फावडी, घमेली पाहून कंडक्टरने दारच अडवलं.

"हे काय, रस्ता खोदायला निघाले का? एवढं सामान आत न्हाई येनार. कंपनीची मानसं ना तुम्ही? गाडी कुठं गेली तुमची?"

"गाडी फोटो काढायला गेली," आक्का म्हणाली. "सरक मामा, पहार पायावर पडंल."

कंडक्टर सरकला. फावडी सीटखाली गेली. शेवटच्या थांब्यावरून गावापर्यंत आम्ही चालत गेलो. सरपंचांच्या दारावरून जावं लागतं. ते ओट्यावर बसले होते आणि त्यांनी आम्हाला पाहिलं. वाड्यातली माणसं आडाभोवती जमली होती. आड अरुंद होता, एका वेळी एकच माणूस मावेल असा, आणि तळ दिसत नव्हता. मिस्त्रीने सदरा काढून घडी घातली, दोर कमरेला बांधला, मुकादमाने दुसरं टोक धरलं.

तो आधी उतरला. वर थांब म्हणून त्याला कुणी सांगितलं नाही.